ताईच्या पंपावरचं पेट्रोल

३ फेब्रुवारी

गाडी आली. माझी गाडी! हे दोन शब्द लिहिलेले बघायचे होते, म्हणून ही वही उघडली.

अर्धं आयुष्य हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डापुढे गेलं. 'नमस्कार, कोण हवंय?' एवढं एकच वाक्य बोलत केस पांढरे झाले. मग त्यांनी तिथे यंत्र बसवलं. ते तेच वाक्य माझ्यापेक्षा गोड आवाजात म्हणतं आणि चहा मागत नाही. मला एक पुष्पगुच्छ मिळाला. त्यानंतर बरेच दिवस घरातल्या भिंतींशी बोलत होते.

गाडीची कल्पना मात्र त्या बोर्डावरच सुचलेली. रोज फोन यायचे, 'टेकडीवर यायला वाहन मिळेल का हो?' हॉस्पिटल टेकडीच्या माथ्यावर, बस पायथ्याशी सोडते आणि टॅक्सीवाले आजारी माणूस दिसला की काच वर करतात. म्हटलं, आपण न्यावं. एक डॉक्टर बदली होऊन निघाले होते, त्यांची जुनी गाडी घेतली. डावं दार आपटल्याशिवाय लागत नाही. सुरू होताना कुरकुरते आणि एकदा निघाली की ऐकत नाही. नाव ठेवलं 'बया'.

ताईला फोन केला. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. आई गेल्यावर माझ्या वेण्या तिने घातल्या, लग्न तिने करून दिलं आणि नवरा गेल्यावर माझ्या घरात येऊन जमिनीवर झोपली तीही तीच. चौकात तिचा पेट्रोल पंप आहे. भावोजी अंथरुणाला खिळले तेव्हापासून तीच चालवते. म्हटलं, "ताई, तुझं एक गिऱ्हाईक वाढलं बघ."

ती हसली नाही. "आधी नीट चालव तर खरं," म्हणाली.

६ फेब्रुवारी

आज वाईट वाटलं. लिहू की नको असं झालंय, पण मग वही कशाला?

पेट्रोल भरायला मोठ्या तोऱ्यात पंपावर गेले. हॉर्नही वाजवला. ताई काचेच्या केबिनमधून स्वतः बाहेर आली. मला वाटलं, गाडी बघायला आली.

"इथे नको भरूस. बायपासच्या नव्या पंपावर जा."

"का गं?"

"तिथे हवा चांगली मिळते टायरला."

"मला हवा नकोय, पेट्रोल हवंय."

"इथे रांग असते. तुझा खोळंबा होईल."

रांगेत एक मोपेड होती. तिच्यावरचा गृहस्थ निवांत पेपर वाचत होता.

मी गाडी वळवली. बहीण पंपाची मालकीण आणि मी भाड्याने लोकांना नेणारी. चारचौघांत बरं दिसत नसेल. पण असं वाटलंच होतं तर सरळ तोंडावर सांगायचं. हवा म्हणे!

११ फेब्रुवारी

पहिलं कायमचं गिऱ्हाईक मिळालं. शिंपीकाका आणि काकू. काकांच्या किडन्या संपावर गेल्यात, असं ते स्वतःच सांगतात. रक्त धुवायला आठवड्यातून तीनदा वर जावं लागतं. आयुष्यभर लोकांचे कोट शिवले, आता स्वतःचेच टाके मोजतात.

"बाई, गाडी जपून हाका," म्हणाले. "कापड जुनं आहे. ओढलं की टरकतं."

"गाडीचं म्हणताय की स्वतःचं?"

"दोघांचंही."

काकू मागे बसून मांडीवरचा डबा दोन्ही हातांनी धरते आणि चढ संपेपर्यंत श्वास घेत नाही. बया मात्र बायपासच्या पेट्रोलवर खुशीत चढते. मान खाली घालून, मुकाट.

१९ फेब्रुवारी

राग धरायचा किती? शेवटी रक्ताचं नातं. बायपासचा तो चकचकीत पंप झाल्यापासून ताईकडे गर्दी नाही हे सगळ्या गावाला दिसतं. आणि तिची सख्खी बहीण तिकडे जाऊन टाकी भरून घेते! माझंच मन मला खायला उठलं.

आज ताई बँकेत गेलेली असते हे माहीत होतं, म्हणून त्याच वेळी गेले. नळीवर तो टोपीवाला होता, बरीच वर्षं आहे तिच्याकडे. मी म्हटलं, टाकी फुल कर. तो नळी हातात धरून उभाच.

"बाईंना विचारू का?"

"मी बाईंची बहीण आहे. मला विचार."

"तसं नाही… त्या म्हणाल्या होत्या की तुम्ही इथे…"

"भर!"

भरलं बिचाऱ्याने. माझ्याकडे न बघता भरलं. ताई परत आल्यावर तिला सांगू नकोस म्हटलं तर जोरजोरात मान हलवली, जणू ते त्यालाच हवं होतं. आता दर वेळी तिकडेच भरणार. ताईला कळायची गरज नाही. उपकार सांगून केले तर ते उपकार कसले?

२४ फेब्रुवारी

चढावर बोनेटखालून आवाज येतो. पत्र्याच्या डब्यात खडे घालून कुणी हलवावेत तसा. सपाटीला काही नाही. चढ लागला, पाय दाबला की सुरू.

"आत शिलाई मशीन बसवलंत का?" काकांनी विचारलं.

मला वाटतं माझंच चुकतंय. गिअर बदलायला उशीर होतो. आज दुपारी रिकामी गाडी घेऊन त्याच चढावर वरखाली केलं. रिकामी असताना आवाज कमी येतो. म्हणजे गाडीत माणसं असली की मी घाबरते आणि चुका करते. उद्यापासून मन शांत ठेवून चालवायची.

२८ फेब्रुवारी

मन शांत ठेवलं. आवाज आलाच.

गॅरेजला गेले. मेकॅनिकला सगळे 'पाना' म्हणतात. कानामागे पेन्सिल ठेवतात तसा त्याच्या मागच्या खिशात कायम एक पाना. प्लग काढून दाखवले. काळेकुट्ट, काजळी धरलेले.

"थोडेच दिवस झालेत ना गाडी घेऊन? एवढी काजळी कशी?" स्वतःशीच बोलला. मग विचारलं, "पेट्रोल कुठे भरता?"

"चौकातल्या पंपावर. माझ्या बहिणीचा आहे तो."

त्याने फडक्याला हात पुसले. पुसतच राहिला. मग म्हणाला, "नवीन प्लग टाकतो. बघू."

"पण आवाज कशाचा?"

"बघू म्हटलं ना ताई."

ज्याला काही कळत नाही तो असाच 'बघू, बघू' करतो. गावात दुसरा चांगला मेकॅनिक नाही, नाहीतर तिथेच निरोप दिला असता.

२ मार्च

ताई घरी आली. हातात पेट्रोलचा डबा. "अडीअडचणीला असू दे. रात्रीबेरात्री कुणाला न्यावं लागलं तर पंप शोधत फिरशील." डबा जिन्याखाली ठेवला. चहा घेतला. भावोजींना आता कुशीवरही वळता येत नाही, म्हणाली. बोलता बोलता अगदी सहज विचारलं, "भरतेस कुठे हल्ली?"

"बायपासला," मी ठोकून दिलं.

तिच्या चेहऱ्यावर अशी सुटका दिसली की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढी लाज वाटते माझी? आणि तरी मी तिच्याचकडे भरते. माझ्यासारखी वेडी मीच.

९ मार्च

पानाला उगीच नावं ठेवली. नवे प्लग टाकून आठवडा उलटला तरी खडखड होतीच, पण परवापासून एकदम थांबली. प्लग मुरायला वेळ लागत असेल, लोणच्यासारखा. टाकी अगदी तळाला गेली होती, चौकापर्यंत जायचा कंटाळा आला म्हणून ताईने दिलेला डबा ओतला, तळाशी थोडं ठेवून. तेव्हापासून दोन दिवस बया जी पळते आहे! काका म्हणाले, "आज मशीन बंद? कारागीर सुट्टीवर का?" काकूने वळणावर चक्क श्वास घेतला.

१५ मार्च

दृष्ट लागली. ताईच्या पंपावर टाकी फुल केली आणि दुसऱ्याच दिवशी चढाला पुन्हा तेच. उन्हं वाढलीत, तसा आवाजही वाढलाय. सकाळी सुरू व्हायला दहा नखरे करते, पिकअप राहिलेला नाही, अॅव्हरेज पडलंय. पाना म्हणतो, इंजिनाचं हेड खोलून बघावं लागेल, गाडी दोन दिवस ठेवा. दोन दिवस ठेवली तर काकांना कोण नेणार? म्हटलं, महिनाअखेरीला बघू. आता 'बघू' म्हणायची पाळी माझी.

येताना गंमत बघितली. बायपासच्या पंपावर ताईची गाडी उभी. स्वतः बाहेर उभी राहून टाकी भरून घेत होती. मी मागूनच निघून गेले. दुसऱ्याचा धंदा कसा चालतो हे त्याचं गिऱ्हाईक होऊन बघायचं. वा रे माझी ताई! धंदा करावा तर असा.

२३ मार्च

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिते.

काल दुपारी काका-काकूंना घेऊन निघाले. आदल्या खेपेला ताप होता म्हणून काकांचं रक्त धुवायचं राहिलं होतं. पाय सुजलेले, बोलताना दम लागत होता, तरी विनोद चालूच. मधल्या वळणावर खडखडाट वाढला. मी पाय आणखी दाबला. काय करणार, चढ होता. आतून 'धाड' असा आवाज आला, मागे निळा धूर सुटला आणि इंजिन मेलं.

इंजिन बंद पडलं की ब्रेकचा दगड होतो, असं शिकवणाऱ्याने सांगितलं होतं. पण सांगणं वेगळं आणि पायाखाली तो दगड लागणं वेगळं. गाडी मागे घसरायला लागली. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला गुडघ्याएवढा कठडा आणि त्यापलीकडे काहीच नाही. मी दोन्ही पायांनी ब्रेकवर उभी राहिले म्हटलं तरी चालेल. हँडब्रेक ओढला, स्टिअरिंग डोंगराकडे पिळलं. मागचा भाग खडकावर आपटला आणि थांबलो. काकूचं कपाळ फुटलं. काका म्हणाले, "बाई, टाका उसवला वाटतं." त्यानंतर काही बोलले नाहीत.

उन्हात किती वेळ गेला कळलं नाही. हॉस्पिटलची गाडी दुसरीकडे गेलेली. मी रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभी राहिले तेव्हा एक टेम्पोवाला थांबला. वर पोचलो तोवर काकांची वेळ टळली होती, मशीनवर दुसरा पेशंट होता. संध्याकाळी त्यांच्या छातीत पाणी भरलं. रात्रीपासून अतिदक्षता विभागात आहेत.

बोर्डावर असताना नातेवाइकांना हे शब्द मीच कितीदा जोडून दिले असतील. 'अतिदक्षता? थांबा हं, देते.' त्यांच्यातला एकही आवाज आज आठवत नाही.

२५ मार्च

बया गॅरेजमध्ये. पानाने हेड खोललं आणि मला बोलावून पिस्टन दाखवला. उंदराने कुरतडावी तशी त्याची कड गेली होती, आणि कडेला एक भोक.

"हे कशाने?"

"त्या खडखडीने." त्याने हातातला पाना खाली ठेवला. "चांगलं पेट्रोल ठिणगी पडली की तिथून शिस्तीत जळत जातं. भेसळीचं असलं की जाळ पोचायच्या आधीच कोपऱ्यात आपोआप भडकतं. तुम्हाला आवाज येत होता ना, ते पिस्टनवर बसणारे हातोडे. चढ असला, माणसं असली, ऊन असलं की जास्त. रोज थोडे थोडे खात गेले."

"भेसळ कसली?"

"थिनर असेल, रॉकेल असेल. स्वस्तातलं काहीतरी."

"मग आधी का नाही बोललात?"

"बोलायलाच निघालो होतो. तुम्ही म्हणालात, बहिणीचा पंप. आता बहिणी-बहिणींच्या मध्ये मी कुठे येऊ?"

मी त्याला नाही नाही ते बोलले. माझ्या ताईवर आळ घेतोस? तुझ्या हातात पाना आहे म्हणून कुणाच्याही इज्जतीचे नट सैल करशील? त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पांढऱ्या कागदावर थेंब टाकून बघा. चांगलं पेट्रोल उडून जातं, कागद कोरा राहतो. नाहीतर डाग राहतो. माझ्यावर विश्वास ठेवू नका, कागदावर ठेवा."

बयाच्या टाकीतलं थोडं बाटलीत भरून दिलं त्याने.

२६ मार्च

दोन कागद घेतले. एकावर बाटलीतलं टाकलं. दुसऱ्यावर काय टाकायचं म्हणून घरभर बघितलं, तर जिन्याखाली ताईचा डबा. तळाला उरलं होतं.

म्हटलं, दोन्ही ताईचंच. दोन्ही सारखेच वाळतील आणि पानाचं तोंड बंद होईल.

डब्यातल्याचा कागद कोरा झाला. बाटलीतल्यावर तेलकट पिवळा डाग राहिला, बोट लावलं तर बुळबुळीत. खिडकीत ठेवले, उन्हात ठेवले, पुन्हा थेंब टाकले. तसंच.

मग एकेक करून सगळं समोर आलं. टायरची हवा. मोपेडची रांग. टोपीवाल्याचा तो चेहरा. प्लग मुरले नव्हते, डब्यातलं पेट्रोल बायपासचं होतं. ती तिथे गंमत बघायला नव्हती गेली, स्वतःची गाडी वाचवायला गेली होती.

माझी लाज नव्हती वाटत तिला. ती मला वाचवत होती. हे कळल्यावर बरं वाटायला हवं होतं. पण मला ती मोपेड आठवत राहिली. पेपर वाचणाऱ्या माणसाला तिने नव्हतं सांगितलं, 'बायपासला जा.'

२७ मार्च

गेले. केबिनचं दार लावून घेतलं आणि दोन्ही कागद टेबलावर ठेवले. ताईने बघितले. 'हे काय' असंसुद्धा विचारलं नाही.

"तुला सांगितलं होतं, इथे भरू नकोस."

"का ते नाही सांगितलंस."

"सांगितलं असतं तर गप्प बसली असतीस?"

"नसते."

"मग?"

बाहेर टोपीवाला कुणाच्या तरी टाकीत भरत होता. मशीनचा आकडा फिरताना काचेतून दिसत होता.

"नवा पंप झाला आणि गिऱ्हाईक आटलं," ती म्हणाली. "टँकरवाल्याने सुचवलं. एकदाच म्हणून घेतलं. तुझ्या भावोजींना दिवसरात्र माणूस लागतो. या पोरांचे पगार. एकदा घेतलं की पुढच्या वेळी 'नको' म्हणायला जीभ वळत नाही. तो लगेच म्हणतो, मागच्या वेळी चाललं होतं की."

"काका अतिदक्षतेत आहेत, ताई."

"माहीत आहे मला."

"कठड्यापलीकडे गेलो असतो आम्ही."

"माहीत आहे म्हटलं ना!" ती ओरडली. मग टेबलावर डोकं ठेवलं. तिच्या भांगातले पांढरे केस मला वरून दिसत होते. हात पुढे जात होता. मी तो मागे घेतला.

"बंद कर," म्हटलं. तिने डोकं उचललं नाही. मी निघून आले.

३० मार्च

काकांना वॉर्डात आणलं. आवाज खोल गेलाय. मला बघून म्हणाले, "तुम्ही स्टिअरिंग फिरवलंत म्हणून शाबूत आहोत." कपाळावर पट्टी बांधलेल्या काकूने माझे हात हातात घेतले. मला तिथे उभं राहवेना.

बाहेर फाटकाशी आले. ड्यूटीवर येणारी एक नर्स स्कूटरवरून चढ चढत होती. स्कूटर खोकत होती, गचके खात होती. ती उतरली आणि ढकलायला लागली. मला ओळखून हसली, "काय झालंय हिला, कालच तर तुमच्या ताईंकडे टाकी भरली!"

तिथून मी घरी गेलेच नाही. पायी टेकडी उतरून चौकात आले आणि पंपाच्या तोंडाशी उभी राहिले. येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, "इथे भरू नका. इंजिन जाईल." पहिला हसून आत गेला. दुसरा म्हणाला, "अहो, तुम्ही तर मालकिणीच्या बहीण!"

"म्हणूनच सांगतेय."

तो गाडी वळवून गेला. मग आणखी काही गेले. काही शिव्या देऊन आत गेले. दूधवाल्याने विचारलं, "घरचं भांडण आहे का?" म्हटलं, "हो. पण भुर्दंड तुझ्या इंजिनाला."

केबिनमध्ये ताई फोन कानाला लावून उभी होती. माझ्याकडेच टक लावून बोलत होती. पोलिसांना बोलावते आहे, मला हटवायला, असं वाटलं. म्हटलं, येऊ देत. मला धरून नेलं तर चौकातल्या सगळ्यांना दिसेल तरी.

पोलीस काही आले नाहीत. ताई बाहेर आली. टोपीवाल्याला म्हणाली, "मशीनं बंद कर." मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"घसा बसेल तुझा."

"बसू दे."

भिंतीशी एक लोखंडी साखळी पडलेली असते. टँकर रिकामा होत असताना वाट अडवायची साखळी, गंजलेली, अंगठ्याएवढ्या जाड कड्यांची. ताईने तिचं एक टोक उचललं आणि ओढायला लागली. तिला दम लागला. वाटेत थांबली.

"बघत काय उभी राहिलीस? ते टोक धर."

मी धरलं. पलीकडच्या खांबाला अडकवलं. तिने तिच्या बाजूला कुलूप घातलं. हाताला लागलेला गंज घरी येऊन धुतला, तरी पुरता गेला नाही.

१ एप्रिल

तपासणीची माणसं सकाळीच आली. टाक्यांना सील, नमुने, पंचनामा. एवढ्या झटपट कशी आली कोण जाणे. त्यांच्यातला एक म्हणाला, "परवा फोन आला होता. बाईचा आवाज होता, नाव नाही सांगितलं."

सगळे माझ्याकडे वळले. ताईचा दीर तर तावातावाने अंगावर आला. "घरभेदी! सख्ख्या बहिणीच्या ताटात माती कालवलीस!"

"मी नाही केला फोन," मी म्हटलं. खरंच केला नव्हता. करायचा होता, पण आधी चौकात जाऊन उभी राहिले आणि मग राहूनच गेलं.

"ती नाही," ताई शांतपणे म्हणाली.

"तुम्हाला काय माहीत, वहिनी?"

"मला माहीत आहे."

एवढं सगळं होऊनही तिने माझ्या शब्दावर असा विश्वास ठेवावा! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. फोन काकूने केला असेल. नाहीतर त्या नर्सने. ज्याने केला त्याचं भलं होवो.

९ एप्रिल

पंपाचं लायसन्स थांबवलंय, केस चालेल. ताई तरी रोज जाऊन केबिनमध्ये बसते. लोक येतात, नको नको ते बोलतात. ती ऐकते आणि प्रत्येकाला सांगते, "गाडी पानाकडे दाखवा. जे होईल ते माझ्या नावावर." स्वतःची गाडी तिने काल विकली. पानाकडे मी माफी मागायला गेले, तर तो म्हणाला, "राहू द्या ताई, आता एवढी कामं आलीत की रागवायला वेळ नाही." बया अजून तिथेच उघडी पडली आहे. तिची पाळी सगळ्यांच्या शेवटी ठेव, असं मीच सांगितलं.

काका घरी आले. त्यांना सगळं सांगितलं. पंप कोणाचा, कधीपासून काय चाललं होतं, सगळं. त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. मग म्हणाले, "ऐकलं मी. आता लगेच काही बोलायला लावू नका." यावर त्यांनी विनोद केला असता तर मला सोपं गेलं असतं. उठताना काकूने मला दारापर्यंत सोडलं नाही.

संध्याकाळी ताईचा फोन आला.

"अजून रागात आहेस?"

"हो."

"किती दिवस?"

"माहीत नाही."

"बरं." ती म्हणाली. "जेवायला येऊ? त्यांना भरवून झालंय, रात्रीची बाई आली आहे. घरात सगळे माझ्याकडे बघतात आणि कोणी बोलत नाही."

"मीपण बोलणार नाहीये."

"चालेल. तू नुसती भांडी आपटलीस तरी मला कळतं."

मी तांदूळ काढले. एकीचे काढले होते, वर आणखी एक मूठ टाकली. ती आली, हातपाय धुतले, पाट ओढून बसली. मी वाढलं. कबूल केल्याप्रमाणे बोलले नाही. भात बुडाला लागला होता. ताईने दोनदा घेतला.